आठवड्याचा तारा

लॉण्ड्रीच्या घडी-विभागाची मी सुपरवायझर झाले आणि माझ्या थोरल्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, कामावर माझ्याशी बोलणं टाकलं. घरी बोलायच्या, पण भिंतीकडे बघून. वीस वर्षं त्यांनी हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घातल्या आणि खुर्ची मिळाली कुणाला, तर भावजयीला. का, तर मला कॉम्प्युटर येतो. येतो म्हणजे चालू करता येतो.

त्यात मालकांनी मला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. विषय, माणसांना कामाचा हुरूप कसा द्यावा. शिकवणाऱ्या टायवाल्याने जन्मात साध्या रुमालाची घडी घातली नसेल. पण बोलायला लागला की वाटायचं, आता उठावं आणि डोंगर हलवावा. त्याचा मंत्र एकच, कौतुक करा आणि चारचौघांत करा. मी भारावून परत आले. येताना फळा आणि सोनेरी कागदही घेतला.

सोमवारी फळा टांगला, 'आठवड्याचा तारा'. पहिला तारा वन्संनाच दिला. म्हटलं, घरातली धुसफूस तरी थांबेल.

वन्संनी नुसतं नाक मुरडलं. भडकली ती त्यांची जोडीदारीण. ही बाई दिवसभर अखंड बोलते, म्हणून सगळे तिला मुकी म्हणतात.

"चादरीला कोपरे किती?" तिने मला विचारलं.

"चार."

"दोन यांच्या हातात, दोन माझ्या. मग माझे दोन काय खुंटीला टांगले होते?"

मी हसण्यावारी नेलं. गाढवपणा केला.

दुसऱ्या दिवशी मुकी आलीच नाही. वन्सं हाताची घडी घालून बसलेल्या. बाकी बारा जणींनी जोड्या मोडलेल्या, कारण प्रत्येकीला स्वतःचा तारा हवा होता. कुणी चादर हनुवटीखाली दाबलेली, कुणी चक्क दातांत धरलेली. दुपारी दोनला तीनशे चादरींचा ढीग तसाच पडलेला आणि चारला ट्रक येणार. मालकांनी आधीच बजावलं होतं, एक जरी ट्रक रिकामा गेला तरी तुमची खुर्ची गेली. माझं धाबं दणाणलं.

मी टेबलावर चढले. "आपण सगळे एक कुटुंब आहोत!"

"म्हणून तर भांडतोय," मागून कुणीतरी म्हणालं. हॉल खदखदून हसला. मी खाली उतरले आणि सरळ वन्संसमोर जाऊन उभी राहिले.

"वन्सं, काय करू?"

"आधी तोंड बंद कर. मग हे टोक धर."

धरलं. दोघींनी चादरीची घडी घातली की प्रत्येक दुमडीला समोरासमोर यावं लागतं, कोपरे एकमेकींच्या हातात द्यावे लागतात. भिंतीकडे बघायची सोय नाही.

"अंगठा आत घे," वन्सं म्हणाल्या. पुढच्या चादरीला म्हणाल्या, "ती जागा मला हवी होती."

"माहीत आहे."

"माहीत होतं, तर एकदा तरी विषय काढायचास."

"लाज वाटत होती, वन्सं. अजून वाटते."

इतका वेळ वन्सं कोपरे हिसका देऊन ओढत होत्या. आता ओढायच्या थांबल्या. तोवर आजूबाजूच्या बायकाही एकेक करून जोडीला उभ्या राहिल्या. ढीग भराभर उतरायला लागला.

चारला मालक आले तेव्हा शेवटच्या दहा-बारा चादरी उरल्या होत्या.

"वा! शिबिर फुकट नाही गेलं म्हणायचं," ते मला म्हणाले.

खरं सांगते, 'हो' माझ्या ओठांपर्यंत आला होता. समोर वन्सं चादर ताणून उभ्या होत्या.

"शिबिराने वाट लावली होती," मी म्हटलं. "काम यांनी मार्गी लावलं."

मालकांच्या कपाळाला आठी पडली. "मग तुमचा उपयोग काय हो?"

उत्तर वन्संनी दिलं, हातातले कोपरे न सोडता.

"समोरून धरायला कुणीतरी लागतं, मालक. शिकतेय ती."