घंटेतला बोळा

मी एक जुने आकडेमोडीचे यंत्र आहे. माझे चार दात तुटले आहेत आणि कपाळावर लोखंडी रुळाचे घाव आहेत. मित्रांनो, ते घाव मला का बसले, ते ऐका.

माझा जन्म परमुलखातल्या कारखान्यात झाला. तापवून, ठोकून, कानशीने घासून त्यांनी मला घडवले. उजव्या बाजूला एक दांडा बसवला. तो पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. आणि आहे त्याहून जास्त वजा केले, की माझी घंटा वाजायची. ती माझी जीभच म्हणा ना.

सरकारने मला इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या पाट-कचेरीत धाडले. तिथे पाटाचे पाणी पाळीने मिळे. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यातून कोणाच्या उसाला किती, ते सावळाराम कारकून माझ्यावर वजा करत जाई. तेही ओसरीवर, सगळ्यांच्या देखत. घंटा वाजली की गावातला ऊसवाला शेतकरी गेणबा हमखास म्हणे, "वरडलं बघा. कुणाचं तरी तास जास्ती झालं." मग हसत-भांडत यादी दुरुस्त व्हायची. माझी तेव्हा फार ऐट होती.

सन छप्पन साली वरून हुकूम आला. इंदापूर आणि बारामती, दोन्ही तालुक्यांतली सगळी यंत्रे बारामतीला एका खोलीत, एकाच साहेबाच्या ताब्यात ठेवायची. गावांनी कागद पाठवायचे आणि तयार याद्या न्यायच्या. मला पोत्यात गुंडाळून नेले. तिथे आम्ही नऊ यंत्रे एका रांगेत. एकाची घंटा थांबते तोच दुसऱ्याची वाजे. साहेबांचे डोके उठले. त्यांनी शिपायाकरवी प्रत्येक घंटेत चिंध्यांचा बोळा कोंबला.

उन्हाळ्यात कळसचा कागद आला. बारामतीच्या कारकुनाने दांडा फिरवता फिरवता एकशे बहात्तर तास वाटून टाकले. मी जीव तोडून टोले मारत होते, पण बोळ्यातून आवाज निघेना. त्याने माझ्याकडे न बघताच यादी उतरवली, साहेबांनी शिक्का मारला.

झाले काय, तर यादीत शेवटी असलेल्या गेणबाची पाळी पुढच्या सोमवारी सकाळी सहा ते दहा अशी आली. आणि त्याच सहा वाजता यादीत पहिले नाव असलेल्या भीमाची पाळी पुन्हा सुरू होत होती. दोघांच्या हातात शिक्क्याचा कागद. दोघांचा ऊस करपत आलेला.

पुढचे मी पाहिले नाही, सावळारामने सांगितले. पाटातून शेतात पाणी नेणाऱ्या चारीच्या तोंडाशी आधी शिवीगाळ झाली. मग गेणबाने भीमाच्या पाठीत कुऱ्हाडीचा दांडा घातला. भीमाने खोरे उचलून त्याच्या डोक्यात हाणले. डोके फुटले, तरी गेणबा पाण्यातून उठला आणि त्याने कुऱ्हाड फिरवली. सोडवायला धावलेला सावळाराम मध्ये सापडला. त्याचा उजवा हात मनगटापासून तुटला. गेणबा तिथेच चारीत मेला, आणि ते तांबडे पाणी त्याच्याच उसात गेले.

भीमाला बेड्या पडल्या. महिन्याभराने गेणबाची बायको छबूबाई बारामतीच्या त्या खोलीत शिरली. मागोमाग सावळाराम, हाताला फडके गुंडाळलेला. तिने साहेबांच्या टेबलावरचा लोखंडी रूळ उचलला आणि मला झोडपत सुटली. माझी चाके उडाली, दात तुटले. साहेब टेबलाआड दडले.

"छबूवैनी, त्याला नगा मारू," सावळाराम म्हणाला. "ते वरडत व्हतं. ह्यांनी त्याचं त्वांड दाबलं."

त्याने डाव्या हाताने बोळा उपसला आणि साहेबांपुढे ठेवला. मग माझा दांडा मागे फिरवला. डाव्या हाताला तो नीट धरवेना. तरी मोडक्या चाकांतून घंटा वाजली. छबूबाईने रूळ खाली टाकला.

मित्रांनो, आज मी अडगळीत आहे. मला तेल नको, कौतुकही नको. एका खोलीत ठेवा नाहीतर दहा खोल्यांत, माझी तक्रार नाही. फक्त जे ओरडते आहे, त्याच्या तोंडात बोळा कोंबू नका. सावळाराम अधूनमधून मला पुसायला येतो आणि दांड्याला हात लावून उगाच उभा राहतो. माझा दांडा अजूनही उजव्या बाजूलाच आहे.