निळ्याचा नारिंगी झालो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे, ऑस्ट्रेलियातल्या कुलारा गावच्या दूरचित्रवाणी केंद्रातला. माझी बनावट साधी आहे. जाळीच्या आत एक पातळ पडदा, पडद्याला चिकटलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्याच्याभोवती चुंबक. कोणी बोललं की हवा हलते, हवेनं पडदा हलतो, पडद्यासोबत वेटोळं हलतं आणि तारेत अगदी बारीकसा वीजप्रवाह निर्माण होतो. बोलणारा मंत्री आहे की मेंढपाळ, हे मला कळत नाही. कळायची गरजही नाही.

माझ्या मानेवर मात्र एक चौकोनी डबी बसवलेली असते. तिच्यावर वाहिनीचा रंग आणि खूण असते. टीव्ही बघणाऱ्यांना मी दिसत नाही, ती डबी दिसते. मी कुलारात आलो तेव्हा डबी निळी होती. आमचं केंद्र लहान. सिडनीच्या 'हार्बर' वाहिनीचे मोठे कार्यक्रम आम्ही दाखवायचो आणि तिचा निळा रंग मिरवायचो. संध्याकाळी सहाचा अर्धा तास तेवढा आमच्या गावचा असायचा. त्या वेळी लागायच्या कुलाराच्या बातम्या.

रस्त्याच्या पलीकडे दुसरं केंद्र होतं. ते 'मेरिडियन' वाहिनीचं, नारिंगी. त्यांच्या गावच्या बातम्या साडेसहाला असत.

मला हातात धरायची आमची बातमीदार लोरेल ट्रेविक. तिच्यासोबत कॅमेरा घेऊन कोस्टा व्लाहोस असायचा. पलीकडच्या केंद्राचा बातमीदार होता गॅव्हिन मलरेडी. तो मेंढ्यांच्या बाजारात पहाटे पाचला पोचतो हे कळल्यावर लोरेल पावणेपाचला पोचू लागली. मग तो साडेचारला येऊ लागला. अशी पंचवीस वर्षं गेली. दोघांपैकी एकालाही आळस करण्याची सवलत मिळाली नाही, आणि त्याचा फायदा झाला तो गावाला.

"काय गं निळे, आज डोळा लागला वाटतं? तीन मिनिटं उशीर!" गॅव्हिन म्हणायचा.

"तुझी कालची बातमी बघितली रे नारिंग्या. पूल बारा मीटरनं लांब करून टाकलास. पुढच्या वेळी पट्टी घेऊन जा."

हे सगळं मैदानात. पडद्यावर मात्र कडक नियम होता: समोरच्या केंद्राचं किंवा त्याच्या माणसाचं नाव काढायचं नाही. लोरेलनं पंचवीस वर्षांत एकदाही गॅव्हिनचं नाव माझ्यात उच्चारलं नव्हतं.

मग सिडनीत करार बदलले. 'हार्बर'नं पलीकडचं केंद्र घेतलं आणि 'मेरिडियन'नं आमचं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी रंगारी आले, सुतार आले, शिंपी शर्टांचे गठ्ठे घेऊन आले. मी आजवर पाहिलेलं ते सर्वांत नेटकं काम. सकाळी निळी असलेली गाडी दुपारी नारिंगी झाली. बातम्यांचं टेबल, पाटी, संगीत, चहाचे कप, सगळं बदललं. रस्त्यापलीकडे तेच उलट चाललं होतं. दोन्हीकडचे रंगारी दुपारी एकाच झाडाखाली जेवायला बसले आणि उरलेले रंगाचे डबे एकमेकांना देऊन मोकळे झाले. माझ्याही मानेवर नारिंगी डबी चढली.

संध्याकाळी 'मेरिडियन'चे सिडनीतले अधिकारी रॉस ऑर्म्सबी आले. माणूस सभ्य होता. त्यांनी सर्वांशी हात मिळवले आणि मग स्पष्ट सांगितलं, "गावच्या बातम्यांसाठी तीन महिने देतोय. लोक आपल्यासोबत नारिंगीत आले, तर चालू ठेवू. नाही आले, तर बातम्या चारशे किलोमीटरवरच्या शहरातून येतील. आणि उद्या पहिला दिवस आहे. पडद्यावर निळा ठिपकासुद्धा दिसता कामा नये."

लोरेलनं मला पेटीत ठेवलं, पण झाकण लावायला तिला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी गावाच्या उत्तरेला गवताला वणवा लागला. जत्रेच्या मैदानात अग्निशमन दलाच्या प्रमुख बाई माहिती द्यायला उभ्या राहिल्या. कुलारात रीत अशी होती की, दोन्ही केंद्रांचे माइक शेजारी शेजारी टेबलावर ठेवायचे आणि बोलणं संपलं की ज्यानं त्यानं आपला उचलायचा. आम्ही दोघेही बिनतारी, एकाच बनावटीचे. फरक फक्त डबीचा.

बाईंचं बोलणं लांबलं. संपलं तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती. लोरेलनं हात टाकला आणि माइक उचलला. निळा. पंचवीस वर्षं तिचा हात निळ्यावरच पडत आला होता. गॅव्हिननं सवयीनं नारिंगी उचलला, म्हणजे मला. त्याला साडेसहापर्यंत काम नव्हतं. त्यानं मला काखेत मारलं आणि गावातल्या बायका वाटत होत्या तो सॉसेज घातलेला पाव घेतला.

मित्रांनो, बिनतारी माइक आपल्या ठरलेल्या लहरीवरच बोलतो. मी कोणाच्याही काखेत असलो, तरी माझा आवाज कोस्टाच्याच कॅमेऱ्याकडे जाणार होता. कोस्टानं पाहिलं, आवाजाची सुई हलत होती. त्याला वाटलं, सगळं ठीक आहे.

"लोरेल, तू काही चावतेयस का?" त्यानं हेडफोन दाबून विचारलं.

"मी? सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नाही!"

तेवढ्यात सहा वाजले आणि थेट प्रक्षेपण सुरू झालं. कुलारातल्या घराघरांत लोरेलचे ओठ हलताना दिसले आणि ऐकू आलं पाव चावणं. तिच्या हातात निळी डबी होती, ती सर्वांनी पाहिली. लोरेलनंही खाली पाहिलं.

"गॅव्हिन!" कोस्टा ओरडला. "अरे माइक! माइक!"

गॅव्हिननं माझ्याकडे पाहिलं. नारिंगी. मग स्वतःच्या नव्या शर्टाकडे पाहिलं. निळा. त्याला कळलं. तो साठेक पावलांवर होता आणि मध्ये अग्निशमनाची गाडी उभी होती. तो नुसताच चालत आला असता, तरी कोणी दोष दिला नसता. तो धावत सुटला, आणि धावता धावता माझ्यात बोलू लागला.

"मिलर्स क्रीकचा रस्ता बंद आहे. पुन्हा सांगतो, मिलर्स क्रीकचा रस्ता बंद. उत्तरेकडच्यांनी जुन्या पुलावरून दक्षिणेला निघा. आत्ताच. घोडे सोडून द्या, त्यांना ओढत बसू नका." मग धापा टाकत, "पुढचं लोरेल सांगेल. माझ्यापेक्षा नीट सांगते ती."

त्यानं मला तिच्या हातात दिलं. तिनं उरलेली माहिती दिली आणि शेवटी म्हणाली, "माझा माइक घेऊन धावत आलेल्या, समोरच्या केंद्राच्या गॅव्हिन मलरेडींचे आभार. त्यांच्या बातम्या साडेसहाला आहेत."

तासाभरानं सिडनीहून फोन आला. ऑर्म्सबींचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "पहिल्याच दिवशी निळी डबी, निळा शर्ट आणि वर त्यांच्या कार्यक्रमाची वेळ? लोरेल, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"रॉस, मिलर्स क्रीकला सोळा घरं आहेत," ती म्हणाली. "सगळी माणसं बाहेर पडली. एवढंच सांगायचंय मला."

"घोडे?" त्यांनी विचारलं.

"घोडेपण."

तरी तीन महिन्यांची अट तशीच राहिली. लोरेल रोज नव्या उमेदीनं कामाला लागली. तिचा निळ्याकडे जाणारा हात हळूहळू वळला. मे महिन्यात 'मेरिडियन'चं पत्र आलं. सहा वाजता आमच्या वाहिनीवर पूर्वीपेक्षा जास्त माणसं होती. अर्ध्या गावाला रंग बदललेला आवडला नव्हता, उरलेल्या अर्ध्याच्या तो लक्षातही आला नव्हता, पण लोरेल जिथं गेली तिथं सगळे गेले होते. कुलाराच्या बातम्या चालू राहणार होत्या.

कोस्टानं तिला उचलून गोल फिरवलं. ती हसली आणि मग म्हणाली, "गॅव्हिनचं काय?"

गॅव्हिनच्या वाहिनीचा हिशेब वेगळा निघाला. पुढच्या वर्षी त्यांनी साडेसहाच्या गावच्या बातम्या बंद करायचं ठरवलं. त्याच्या शेवटच्या संध्याकाळी लोरेलनं आपलं बातमीपत्र पूर्ण वाचलं, पावसाचा अंदाज सांगितला आणि मग कागद बाजूला ठेवले. या धंद्यात जे कोणीच कधी करत नाही, ते तिनं केलं.

"मंडळी, आता वाहिनी बदला," ती म्हणाली. "समोर गॅव्हिन मलरेडी शेवटच्या बातम्या देतोय. मी आज जशी आहे तशी त्याच्यामुळे आहे. मी पण तिकडेच बघणार आहे. चला, उठा."

साडेसहाचा आमचा कार्यक्रम त्या दिवशी कुलारात जवळजवळ कोणी पाहिला नाही. ऑर्म्सबींचा फोन आला नाही. नंतर कळलं, सिडनीच्या कचेरीत कुलाराचं प्रक्षेपण लावून तेही गॅव्हिनलाच बघत होते.

आता मी पेटीत असतो. माझा पडदा थकला आहे आणि नवे माइक हलके आहेत. तक्रार नाही. रंग उतरवणारे आणि चढवणारे येत राहतील, आणि ते आपलं काम सुंदर करतात हे मी पाहिलं आहे. माझी विनंती एवढीच आहे, मित्रांनो. ज्याच्याशी तुमची चुरस आहे, त्याला जपा. गॅव्हिन आता मैदानात येत नाही, तर पहाटे साडेचारला बाजारात पोचायचं कशासाठी, हे लोरेलला अजून उमगलेलं नाही. ती पोचते मात्र रोज. बाजाराच्या फाटकाशी जाऊन उभी राहते, मिनिटभर थांबते आणि मग आत जाते.