समितीवर जाऊबाई

थोरलीनं उभी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. वरचे वर्ग देऊ केले तेव्हा तिनं हात जोडले. शाळेत सगळे तिला 'पहिलीच्या बाई' म्हणत आणि त्यात कौतुकापेक्षा थट्टाच जास्त असे. तिची धाकटी जाऊ दुसऱ्या शाळेत नववी-दहावीला भाषा शिकवायची. बोलण्यात तरबेज, चार लोकांत पटकन उठून दिसणारी. दोघींचं घर एकच होतं, फक्त मजले वेगळे.

भाषेच्या नव्या अभ्यासक्रमासाठी समिती नेमायची होती. प्रत्यक्ष वर्गावर शिकवणाऱ्यांकडून अर्ज मागवले होते. थोरलीनं आयुष्यात पहिल्यांदाच असा अर्ज केला आणि धाकटीलाही करायला लावला.

"अगं, एकीला दोघी. मला त्या कार्यालयात एकटीला जिनासुद्धा सापडायचा नाही."

"ताई, तुमच्या नादानं मीही मोठी होईन," धाकटी हसत म्हणाली.

दोघींनाही गटचर्चेला बोलावणं आलं. खोलीत लांबट टेबल, भोवती पाच उमेदवार, जागा एकच. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर निवड करणारे तिघं: अध्यक्ष, एक अधिकारी बाई आणि मोबाइलमधून मान वर न काढणारे एक प्राध्यापक. एसी इतका गार की थोरलीनं पदर खांद्यावरून लपेटून घेतला. विषय होता, पहिलीच्या मुलांना वाचायला कुठून शिकवावं.

थोरलीला वाटलं, हा विषय तर आपल्याच पुढ्यात वाढलाय. ती बोलली. मूल शाळेत येतं तेव्हा त्याला सगळ्यांत जास्त प्रेम असतं ते स्वतःच्या नावावर. ती पहिल्या दिवशी प्रत्येकाचं नाव फळ्यावर लिहिते. मूल आपलं नाव ओळखायला लागतं, मग शेजारच्याचं. आपल्या नावातलं एक अक्षर त्याच्याही नावात सापडलं की दोघं ओरडतात. मुळाक्षरांचा क्रम नंतर आपसूक येतो. "मुलं आधी वाचतात," ती म्हणाली, "आणि मग अक्षरं पाठ करतात. उलटं केलं की निम्मी मुलं 'अ' वरच कंटाळतात."

प्राध्यापकांनी मोबाइल खाली ठेवला. अधिकारी बाई काहीतरी लिहू लागल्या. थोरलीचे कान गरम झाले.

मग धाकटीनं घसा साफ केला.

"ऐकायला फार गोड वाटतं हे. पण मी पालक म्हणूनही बोलते. माझी स्वतःची मुलगी अशाच प्रयोगातून गेलीय. दुसरीत गेली तरी तिला मुळाक्षरं क्रमानं म्हणता येत नव्हती. नातेवाइकांसमोर मान खाली घालायची वेळ आली होती आमच्यावर. मुलं म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर नव्हेत."

टेबलाभोवतीच्या दोघांनी माना डोलावल्या. अध्यक्ष थोरलीकडे वळले. "यावर तुमचं काय म्हणणं आहे, बाई?"

त्या पोरीला थोरलीनंच शिकवलं होतं. आधीच्या शाळेत पोर बोलताना अडखळायची, मुलं नक्कल करायची, आणि तिनं तोंड उघडणंच बंद केलं होतं. हीच धाकटी तेव्हा ओट्याशी उभी राहून रडली होती, "ताई, तुमच्या वर्गात घ्या हो तिला." थोरलीनं घेतलं. सगळ्यांसमोर मुळाक्षरं म्हणायला ती पोरीला कधीच उभं करत नसे, कारण म्हणताना ती अडखळे. वाचायची मात्र मनातल्या मनात, झपाझप. दुसरीत ती गोष्टींची पुस्तकं संपवत होती.

हे सगळं सांगता आलं असतं. पण पोर आता कॉलेजात होती. ते दिवस ती पार विसरली होती, आणि विसरावेत म्हणून घरात कुणी त्यांचं नावही काढत नसे. तिचं अडखळणं या टेबलावर मांडायचं? परक्या माणसांपुढे, एका जागेसाठी?

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी समोरची पाण्याची बाटली उघडत होती.

"त्या मुलीबद्दल मी इथे काही बोलणार नाही," थोरली म्हणाली.

अध्यक्षांनी "बरं" म्हटलं आणि पुढच्याकडे वळले. अधिकारी बाईंनी पेनाला टोपण लावलं.

परतताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, कारण दुसरी जागा नव्हती.

"ताई, मनाला लावून नाही ना घेतलं?" धाकटीनं विचारलं. "तिथं असं काहीतरी ठोस बोलावं लागतं हो. नाहीतर कोण विचारतं?"

"पोरीला रडत रडत माझ्याकडे आणलंस, ते पण ठोसच होतं की."

"तुमचं नाव कुठं घेतलं मी?"



धाकटीची निवड झाली. दीर पेढे घेऊन वर आला. थोरलीचा नवरा म्हणाला, "चला, जागा घरातच राहिली!" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

काही आठवड्यांनी धाकटी वर आली. वरच्या वर्गांचं काम आधीच वाटून झालं होतं आणि तिच्या वाट्याला पहिलीचं पुस्तक आलं होतं. पहिलीच्या वर्गात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"ताई, ते नावांवरून वाचायला शिकवायचं तुमचं... ते जरा नीट सांगता का? निवड करणाऱ्यांना तेच आवडलं होतं म्हणे."

"प्रयोगशाळेतल्या उंदरांचं?"

"धरून बसलात होय अजून!"

"नाही सांगणार मी. तुझं पुस्तक तू लिही."

धाकटी तरातरा जिना उतरली. मग घरात जे व्हायचं ते झालं. दीर म्हणाला, वहिनीच्या पोटात दुखतंय. नवरा म्हणाला, "अगं, घरचीच आहे ना ती? सांगितलंस तर काय झिजणार आहेस?" गटचर्चेत काय झालं ते थोरलीनं त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं, पण आता तो विषय सोड."

सगळ्यांत शेवटी पुतणी आली. दारातच उभी राहिली. आता ती घडाघडा बोलायची. कॉलेजात वादविवादात बक्षिसं घ्यायची.

"मोठी आई, तुझी निवड झाली नाही याचं मलाही वाईट वाटलं. पण म्हणून आईला अडवायचं? तू अशी नव्हतीस गं."

थोरलीच्या जिभेवर सगळं आलं होतं. समोर पोर ताठ उभी होती, एका दमात बोलत होती, एकाही शब्दाला न अडखळता.

"तुला नाही कळायचं ते," एवढंच ती म्हणाली.

"हो ना, कुणालाच नाही कळत. तुलाच काय ते कळतं," पुतणी म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती वर येईनाशी झाली.

नवं पुस्तक वर्षभरानं आलं. पहिल्या पानावर 'अ', दुसऱ्यावर 'आ'. पहिलीच्या सगळ्या शिक्षकांना प्रशिक्षणाची सक्ती होती आणि व्यासपीठावर तज्ज्ञ म्हणून धाकटी होती. बोलता बोलता ती थांबली, हात उंचावून तिसऱ्या रांगेकडे दाखवत म्हणाली, "माझ्या जाऊबाई इथे बसल्या आहेत. पहिलीचं मूल म्हणजे काय, ते मी घरी त्यांच्याकडूनच शिकले. ताई, उभ्या राहा ना जरा!"

सभागृह टाळ्या वाजवू लागलं. शेजारच्या बाईंनी कौतुकानं थोरलीच्या कोपराला धरून तिला उठवलं. थोरली उभी राहिली. टाळ्या थांबेपर्यंत तिला उभंच राहावं लागलं. मग ती खाली बसली आणि सगळ्यांबरोबर तिनंही पुस्तकाचं पान उलटलं.