लांडग्याचा वाटा

"धुळाप्पा, पट्ट्याचा सिग्नल सकाळपासून एकाच जागी आहे," ओवी मॅडम म्हणाल्या, आणि धुळाप्पाने हातातली भाकरी तशीच फडक्यात गुंडाळली.

मॅडम मैंदर्गीच्या माळावर लांडग्यांचा अभ्यास करायच्या आणि मेंढ्या राखता राखता धुळाप्पा त्यांना वाटा दाखवायचा. त्यांतल्या एका मादीच्या गळ्यात हा सिग्नलचा पट्टा चढला तेव्हा त्याची बायको मायाक्का हसली होती. जन्मभर जिला दगड मारले, तिलाच आता दागिना!

मादी ओढ्यात सापडली. तोंडाला फेस. जवळच अर्धी खाल्लेली मेंढी होती, तिला फवारणीच्या औषधाचा उग्र वास येत होता.

मेंढी धुळाप्पाचीच. लांडग्याने मारलेलं जनावर उचलायचं नाही, तो त्याचा वाटा. उचललं तर उपाशी लांडगा पुन्हा कळपात शिरतो, ही त्यांच्या घरातली रीत. बापाने पाळली, यानेही पाळली. शेजारच्या मळ्यातल्या निंगप्पाने त्या मेंढीवर औषध ओतलं होतं. विचारलं तर निवांत म्हणाला, मोकाट कुत्री लई झालीत, कोंबड्या ठेवत नाहीत. आता याच्याशी काय भांडायचं, कपाळ!

मॅडम रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, यापुढे मेलेली मेंढी पुरत जा. धुळाप्पाने मान हलवली. त्याला फार थकल्यासारखं झालं होतं. मादी मेली याचं वाईट वाटलंच, पण आपणच तिला ताट वाढून दिलं, हे काही केल्या मनातून जाईना.

आठवड्याने त्या मादीच्या जोडीच्या नराने एक मेंढी मारली. कपारीत पिल्लं होती आणि त्यांना आता तो एकटाच होता. मायाक्काने फावडं पुढे केलं. धुळाप्पा ते घेऊन गेला तो परतलाच नाही. ऊन उतरल्यावर ती शोधत आली, तर हा मेंढीपाशी बसलेला.

"पुरली न्हाय व्हय?"

"पिल्लांनी काय खायचं मग?"

"मग चला की घरला."

"उठलो तर निंगप्पा यील."

"आन् तुमी हितं बसल्यावर त्यो लांडगा येतूय व्हय?"

धुळाप्पाने नुसती मान वर केली. पलीकडच्या बांधावर नर उभा होता, केव्हाचा.

मायाक्काने फावडं उचललं. दोघं थोडं मागे जाऊन बसली. नर हलला नाही. मग दोघं आणखी मागे सरकली.