माझ्या अंगावरचं बेलपान

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा रुपया आहे, निजामाच्या काळातला. एका बाजूला चारमिनार, दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरं. माझ्यासारखे ढिगानं निघाले, त्यामुळे जन्माची फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

हैदराबादेत मी एका वकिलाकडे आलो. तो फ्रीमेसन नावाच्या बंधुमंडळाचा सभासद होता. मंडळात तो सगळ्यांना भाऊ म्हणे. सख्ख्या भावाला मात्र कोर्टात भेटे. ओळखीची खूण म्हणून त्यानं माझ्या अक्षरांवर मंडळाचा छाप ठोकून घेतला: एकमेकांत अडकलेले कंपास आणि गुण्या. त्या घावानं पाठीवरचा चारमिनार चपटा झाला.

पुढे हातोहात फिरत मी नळदुर्गला महानंदाआजींच्या देवघरात पोचलो. आजींना त्या छापात बेलपान दिसलं. मी हरकत घेतली नाही. दर दिवाळीला त्या मला चिंचेनं घासत. अक्षरं झिजून पुसट झाली, पण छाप वाचला. "बेलाला चिंच लावत्यात व्हय?" असं म्हणून त्या तिथं फक्त विभूती दाबत.

यंदा लिंगायत रिवाजानं नातवाच्या गळ्यात बांधायच्या इष्टलिंगासाठी चांदीची डबी करायची होती. आजी देवघरातली चांदी घेऊन सोनाराकडे गेल्या, पण मला सोडून ती थोडी कमी पडली. सोनार म्हणाला, "हा रुपया आटवू. डागीच आहे."

कॉलेजात इतिहास शिकवणारी सून शिवरंजनी सोबत होती. तिनं मला उजेडात धरलं. विभूतीनं भरलेली रेघ न् रेघ पांढरी उठून दिसत होती.

"आत्या, हे बेलपान न्हाय. छाप अक्षरांवर बसलाय, पाठ चपटी झालीय. म्हणजे नंतर ठोकलाय. ही फ्रीमेसनांची खूण."

मी संपलो. बेलपान हाच माझा एकमेव वशिला होता.

"ह्यो कुनाचा देव म्हनायचा?" आजींनी विचारलं.

"देव न्हाय, मंडळ. जातधर्म न बघता आत आलेला प्रत्येक जण भाऊ, असं मानायचे."

"मग बसवण्णांनी काय येगळं सांगितलं?" आजींनी हातातले चांदीचे तोडे काढून सोनारापुढे ठेवले. "सोनारमामा, हे आटवा. भावाला कुनी आटवतंय व्हय?"

मित्रांनो, घरात जुनं नाणं सापडलं तर घासू नका. ठोकलेली खूण दिसली तर उजेडात धरा, पाठही बघा. आणि खूण ओळखता आली नाही, तर आजींसारखी चुकीची ओळखा, पण जपा. बरोबर ओळखला जाईपर्यंत मी टिकलो, ते त्या चुकीच्याच उपकारानं.