कडेचं बोट

"हनुवटी जरा खाली," फोटोग्राफर म्हणाला.

समोर डाळिंबाची फांदी होती. पण पस्तीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढलेल्या माणसाच्या तोंडून असं वाक्य निघून जातं, त्याला इलाज नाही.

"बाबा, चष्मापण काढायला सांगा तिला," मुलगी म्हणाली. दोघांपैकी कुणी हसलं नाही.

घर विकलं होतं. उद्यापासून नवा मालक बागेत गाडीसाठी फरशी घालणार होता. "बाग छानच आहे हो," असं तो दोनदा म्हणाला होता, टेपने जागा मोजता मोजता.

दर ऋतूला बायको बागेत जे सापडेल ते तोडून आणायची, चिनी मातीच्या बरणीत रचायची आणि हा मागे पांढरी चादर लावून एक फोटो काढायचा. एकतीस वर्षांत खाडा नाही. उन्हाळ्यात ती गेली. आता शेवंती, वाळलेलं गवत आणि डाळिंब मुलीने रचलं होतं. त्याला विशेष काही वाटत नव्हतं. तो उजेड बघत होता.

फांदी डावीकडे कलंडली. सरळ केली. पुन्हा कलंडली.

"आई काय करायची?"

"बोटाने धरून ठेवायची."

"मग बोट यायचं की फोटोत!"

"यायचं. प्रिंटवर मी कापायचो. नको ते चौकटीत दिसू नये."

मुलगी उकिडवी बसली, फांदी धरली. खटका वाजला.

बरणी पुसताना ती म्हणाली, "आईचा एखादा बरा फोटो द्या ना. नेते मी."

"नाहीये."

"कमाल करता! फोटोग्राफरची बायको ती."

"कॅमेरा वळवला की म्हणायची, आधी गिऱ्हाइकांचं आटपा. आणि पासपोर्ट तिला कधी लागलाच नाही."

मुलीने बॅगेची चेन ओढली. जरा जोरातच ओढली.

तो निगेटिव्हचा डबा बांधायला घेऊन बसला. उगाच एक पट्टी खिडकीशी धरली. मग दुसरी. मग सगळ्याच. उलट्या रंगांत, प्रत्येक चौकटीच्या डाव्या कडेला, बोट. एका ठिकाणी बोटाला चिकटपट्टी होती. एकात ते हललं होतं. ती हसत असणार. शेवटच्या चौकटीत बोटातली अंगठी निसटू नये म्हणून अंगठीला दोरा गुंडाळलेला होता. प्रिंटवर तोही त्याने कापला होता. फूटपट्टी लावून, अगदी सरळ.

"बाबा, गाडी आलीय."

"हा डबा तू ने."

"फुलांचा?"

"हो. प्रिंट काढशील तेव्हा त्या माणसाला सांग, कडा कापायच्या नाहीत म्हणावं."

तिने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

त्याने डब्याला सुतळी गुंडाळली, पहिला वेढा आवळला आणि थांबला. गाठ सैल पडू नये म्हणून मधे कुणीतरी बोट ठेवावं लागतं.

मुलीने ठेवलं.