'नाही'वरची रेघ

फॉर्मवरचा सतरावा प्रश्न एका ओळीचा होता: 'आपल्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का?' पुढे जेमतेम एका शब्दापुरती जागा.

ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो फॉर्म पसरून बसला होता. वनरक्षकाची भरती होती, वयाची अट बत्तीस, आणि त्याला बत्तीस पूर्ण व्हायला एकोणीस दिवस उरले होते. पाच वर्षं तो वन खात्यात हंगामी मजूर होता. रोपं लावायची, वणवे विझवायचे, कायम नोकरीवाल्यांच्या मागोमाग गस्त घालायची. ही संधी हुकली की पुन्हा हंगामीच.

"'नाही' लिही," भावोजी म्हणाले. ते लग्नापासूनच सगळ्या विषयांतले जाणकार होते. "सात वर्षं झाली. दंड भरलास, दोन वर्षं लायसन नव्हतं. आता जन्मभर तेच उगाळायचं का?"

त्याने 'नाही' लिहिलं.

गुन्हा असा होता. मित्राला नोकरी लागल्याच्या आनंदात तो दुपारी तीनपर्यंत प्यायला आणि भावोजींची जीप घेऊन निघाला. जंगलातल्या वळणावर ती रस्त्याकडेच्या पाटीवर आदळली. कुणाला लागलं नाही. पाटी मात्र वाकली ती वाकलीच. तिच्यावर लिहिलं होतं: 'हळू चालवा. वेग ताशी वीस. प्राणी रस्ता ओलांडतात.' त्या दिवसापासून त्याने थेंबाला हात लावला नव्हता, आणि त्या दिवसापासून लोक त्याला पाटीवाला म्हणत होते.

ताई बाहेरून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने फॉर्म उचलून वाचला.

"हे काय लिहिलंयस?"

"मीच सांगितलं," भावोजी म्हणाले. "कोण येतंय चौकशीला!"

"येतील ना. बसथांब्यावर विचारतील, हा कुठे राहतो. लोक म्हणतील, कोण, पाटीवाला? मग ते विचारतील, पाटीवाला का? तेव्हा काय सांगणार, दुकानांच्या पाट्या रंगवतो म्हणून?"

"ताई, 'हो' लिहिलं तर पहिल्याच चाळणीत बाहेर जाईन."

"जाशील कदाचित. पण 'नाही' लिहून आत गेलास, तर रोज त्याच वळणावरून गस्त घालायचीय तुला. पाटी काही बोलणार नाही. पण तुला ऐकू येईल."

त्याने फॉर्म पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्याच्या हाताने तेच केलं, जे पाच वर्षं गस्तीच्या वहीत केलं होतं. त्या वहीचा एकच कडक नियम: काहीही पुसायचं नाही. ठसा बिबट्याचा म्हणून लिहिला आणि जवळून पाहिल्यावर नखं दिसली, म्हणजे कुत्र्याचा निघाला, तरी 'बिबट्या' शब्द तसाच राहिला पाहिजे. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी 'कुत्रा', सही, तारीख. मागून वाचणाऱ्याला चूक काय झाली तेही कळायला हवं.

त्याने 'नाही'वर एक आडवी रेघ मारली, शेजारी 'हो' लिहिलं, सही केली, तारीख घातली.

भावोजींनी कपाळाला हात लावला. "शाबास! आधी गुन्हा केलास, आणि आता तो लपवणार होतो हेही सहीनिशी लिहून दिलंस!"

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या कारकुनानेही तसाच कपाळाला हात लावला. "खाडाखोड चालत नाही. नवा फॉर्म भरा."

"द्या."

"संपले. आज शेवटची तारीख."

"मग?"

कारकुनाने फॉर्म दोन बोटांनी उचलला आणि वेगळ्या फाइलीत टाकला. "वरचे लोक ठरवतील."

वरच्या लोकांनी तीन आठवड्यांनी मुलाखतीला बोलावलं. टेबलामागे तिघं होते. मधोमध वनअधिकारी बाई, त्यांच्या एका बाजूला उमेदवारांची तब्येत तपासणारे डॉक्टर. समोर तोच फॉर्म.

"हे 'नाही' कुणी लिहिलं?"

"मीच."

"आणि रेघ?"

"तीही मीच. मध्ये दहाएक मिनिटं गेली."

"दहा मिनिटांत काय झालं?"

"ताई घरी आली."

बाईंच्या शेजारचे डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"घरात पांढरी शाई नव्हती?" बाईंनी विचारलं.

"होती. पण वहीत चालत नाही ना."

"हा फॉर्म आहे, गस्तीची वही नाही."

"हो बाई. हाताला सवय लागलीय."

बाईंनी दुसरा कागद काढला. "पोलिसांकडून तुमची माहिती आलीय. तुम्ही लिहिलंय तशीच आहे. दुसऱ्या तीन उमेदवारांची मात्र जुळली नाही. त्यांना काल घरी पाठवलं. जीपचा वेग किती होता?"

"साठच्या आसपास. पाटीवर वीस लिहिलंय."

"वाचली होती पाटी?"

"धडकल्यावर. तेव्हा अगदी जवळून दिसली."

डॉक्टरांना ठसका लागला. बाईंना हसू आवरेना. त्यांनी पाण्याचा पेला डॉक्टरांकडे सरकवला आणि फॉर्मच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं.

यादी लागली तेव्हा त्याचा क्रमांक सातवा होता. खाली शेरा: 'पहिलं वर्ष खात्याचं वाहन चालवायचं नाही. गस्त पायी.'

"मी पहिल्यापासून सांगत होतो, खरं काय ते लिही," भावोजी म्हणाले. ताईने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि ते चहा करायला उठले.

रुजू झाल्यावर पहिल्याच सकाळी तो पहार खांद्यावर टाकून वळणावर पोचला. पाटीचा खांब मोकळा केला, दगड ठोकून सरळ बसवला, चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिला. मग वही उघडली. 'वाकलेली पाटी सरळ केली. कारण: वाहनाची धडक. चालक:'

असं नुकसान दिसलं की सगळे वनरक्षक पुढे जे लिहितात, तेच सवयीने त्याच्या हातून उतरलं: 'अज्ञात.'

तो स्वतःशीच हसला. एक आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं 'मी', सही केली, तारीख घातली आणि पुढे चालू लागला.